आक्का, टीव्हीचा आवाज मोठा होता

आक्का,

मी मुंबईत आलोय. एकटा. तुला खरं वाटणार नाही, म्हणून आधी तेच सांगतो. गाडी वसमतच्या पुढं गेली की जो उतरून परतीची गाडी शोधतो, तो तुझा भाऊ आज एका स्टुडिओच्या गेटासमोर चहाच्या टपरीवर बसलाय. सकाळचे आठ वाजलेत. मांडीवर पिशवी आहे आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला तुझा फोटो, चंदनाच्या हारासकट. हारासकटच आणा, असं मला सांगितलंय. का, ते पुढं लिहितो. एकदम लिहायची माझ्यात हिंमत नाही.

दहा दिवस झाले तुला जाऊन. समूला अजून माहीत नाही.

समता कागदोपत्री माझी आणि शोभाची पोरगी, बाकी सगळी तुझी. शोभाची नर्सची नोकरी औंढ्याला, माझी हिंगोलीच्या एसटी डेपोत पाळी, आणि घरात चार वर्षांचं लेकरू. तू म्हणालीस, पुसेगावला माझ्याजवळ ठेवा. दहावीपर्यंत ती तुझ्याजवळच राहिली आणि आमच्याकडं पाहुण्यासारखी येत गेली. आज ती एकोणीस वर्षांची आहे, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या सातांत आहे, आणि अडीच महिने झाले इथल्या हॉटेलात राहते. स्पर्धकांचे फोन काढून घेतलेत. आठवड्यातून एकदा घरी बोलू देतात, तेही त्यांचं माणूस शेजारी बसवून. गेल्या बुधवारी तसा फोन आला तेव्हा तुला जाऊन तीन दिवस झाले होते. मी तिच्याशी बोललो, आणि सांगितलं नाही.

आज दुपारी तिला सांगणार आहेत. स्टेजवर, कॅमेऱ्यांसमोर, तिच्या गाण्याच्या आधी. फोटो घेऊन स्टेजवर जायचं आणि सांगायचं ते मी, असं ठरलंय. मी हो म्हणालोय. मी सगळ्यांना हो म्हणतो, ते तुला माहीत आहे.

मी भित्रा आहे हे घरात सगळ्यात आधी तू ओळखलंस, आणि कधी लपवूनही ठेवलं नाहीस. डेपोत मी माइकवरून गाड्या पुकारतो, तर तू येईल त्याला सांगायचीस की आमच्या बाळूचा आवाज अख्ख्या स्टँडला ऐकू जातो, फक्त समोरच्या माणसाला जात नाही. लोक हसायचे. मी पण हसायचो, कारण खरंच होतं ते. लहानपणी कुत्रं दिसलं की मी तुझ्या परकराआड, आणि मोठेपणी साहेब दिसला की तुझ्या नावाआड. आमच्या आक्काला विचारून सांगतो, हे वाक्य मी किती ठिकाणी म्हटलं असेल.

माझ्या लहानपणी पुसेगावात टीव्ही एकच होता, एका मोठ्या शेतकऱ्याच्या ओसरीवर. आपल्या वस्तीतल्या पोरांनी ओसरीवर चढायचं नाही, अंगणाच्या कडेला बसून बघायचं. तिथून चित्र दिसायचं, आवाज पोचायचा नाही. मी रडकुंडीला यायचो. तू मात्र मालिकेतली सगळी माणसं स्वतःच बोलायचीस. सासू, सून, डॉक्टर, चोर. गाणं लागलं की नटीच्या तोंडाकडं बघत तुझंच एखादं गाणं त्यात बसवायचीस. पुढं आपल्या घरात टीव्ही आला आणि खरे संवाद पहिल्यांदा ऐकले, तेव्हा मला ते एकदम फिके वाटले होते. हे मी तुला कधी बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

आवाजाशिवाय बघायची ती सवय तुझी सुटली नाही. शाळेतून निवृत्त झालीस, वस्तीत स्लॅबचं घर बांधलंस, भिंतीवर मोठा टीव्ही लावलास, आणि गाण्याच्या स्पर्धा बघायला बसलीस ती आवाज बंद करून. समोर समूला बसवायचं. पडद्यावर कुणी गात असलं की तिला म्हणायचं, गळ्याच्या शिरा बघ, हा वर गेला का खाली ते सांग. समू ती ओळ स्वतः गायची, मग तू रिमोट दाबून आवाज सुरू करायचीस आणि दोघी ताडून बघायच्या. मी एकदा विचारलं की हे कसलं शिकवणं, तर म्हणालीस, "ऐकून समद्यायलाच कळतंय रे. बघून कळलं पायजे." आणि मधेच स्पर्धकाची गोष्ट लागली, म्हणजे ते मोडकं घर, ती आई, ते डोळे पुसणं आणि मागं वाजणारी बासरी, की आवाज पुन्हा बंद. रडण्याला बंद आणि गाण्याला मोठा, हा तुझ्या घरचा कायदा होता. गेले दहा दिवस माझी सगळी भीती त्या रिमोटवर येऊन अडकली आहे.

प्रश्नमंजुषेला मात्र आवाज पहिल्यापासून पूर्ण. पर्याय पडद्यावर यायच्या आधी तुझं उत्तर यायचं. चुकलीस तर टीव्ही चुकला. एकदा तर तू चॅनेलला पोस्टकार्ड टाकलंस की तुमचं नदीचं उत्तर साफ चूक आहे, मी आयुष्यभर भूगोल शिकवलाय. उत्तर काही आलं नाही. पुढं वर्षभर तो सूत्रसंचालक दिसला की तू म्हणायचीस, याला माझं कार्ड मिळालंय, डोळे कसे चोरतोय बघ.

आपलं एक भांडण अर्धवटच राहिलं. फार वर्षांपूर्वीच्या एका स्पर्धेत जाड्या आवाजाची एक पोरगी आणि एक सारखा रडणारा पोरगा शेवटी उरले होते, आणि पोरगा जिंकला. तू त्याला कधी माफ केलं नाहीस. शनिवारी सिद्धेश्वर धरणावरची मासळी घेऊन मी तुझ्याकडं आलो की जेवताना तो विषय निघायचाच. तू म्हणायचीस, तुझ्यासारख्या लोकांनी रडण्याला मतं दिली. मी शपथेवर नाही म्हणायचो. आक्का, दिली होती. शोभाच्या फोनवरून पण दिली होती. त्याचा बाप हमाल होता आणि टोपी हातात धरून उभा होता, मला बघवलं नाही.

नांदेडच्या चाचणीला समूला घेऊन तूच गेलीस. माझं आदल्या दिवसापासून पोट बिघडलं होतं. परत आलीस आणि चपला काढता काढता म्हणालीस, घेतलं तिला. परीक्षक काय म्हणाले, मी विचारलं. तू म्हणालीस, मला काय ठाऊक, मी काचेच्या बाहेर होते, पण तिची मान सरळ होती.

मग ते लोक घरचं चित्रीकरण करायला पुसेगावला आले. समू तेव्हा इथं मुंबईतच होती. पाच माणसं, दोन कॅमेरे, आणि त्यांना चालवणारी रिद्धी मॅडम. वयानं समूपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, बोलायला मऊ, सगळ्यांना काका-काकू म्हणते. तुझं घर बघून तिचा चेहरा पडला. म्हणाली, घर छानच आहे, पण समतानं खूप हाल काढले असतील ना? तू म्हणालीस, "हाल काहून काढंल? मी मास्तरीण व्हते. दूध-अंडी खाऊन वाढली ती." तिनं तुला चुलीवर भाकरी थापायला सांगितली, तर तुझ्याकडं चूल नव्हती. निदान फ्रिजवर चादर टाकू का, असं तिनं विचारलं. तू पाचही जणांना चहा पाजलास आणि मग दार दाखवलंस.

तिथं विषय संपायला हवा होता. पण अंगणात रिद्धीनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, काका, गोष्ट नसली की मतं पडत नाहीत, आणि मग आमच्याही हातात काही राहत नाही. एवढंच. धमकी नाही, चढा आवाज नाही. शेजारी सुभद्राकाकूचा गोठा आहे ना, पत्र्याचा, एका बाजूनं उघडा. रिद्धीनं विचारलं, हे चालेल का. मी हो म्हणालो. म्हैस बाहेर काढली, सतरंजी टाकली, आणि डेपोचा गणवेश घालून मी त्या गोठ्यात उभा राहिलो. सांगितलं की माझी बहीण इथं राहते, आणि इथंच उपाशी राहून तिनं माझ्या पोरीला गाणं शिकवलं. पहिल्या वेळी मला रडू आलं नाही. दुसऱ्या वेळी रिद्धी म्हणाली, समता बाहेर पडली असा विचार करा. तिसऱ्या वेळी मी रडलो. ते रडणं खोटं नव्हतं, आक्का. भीतीनं आलेलं होतं.

तू फाटकात उभी राहून सगळं बघत होतीस. ते लोक गेल्यावर म्हणालीस, "बाळू, पोरगी गाती म्हणून घ्या म्हणावं त्यायला. बाप रडतो म्हणून नको."

मी म्हणालो, तुझं काय जातंय, पोरीच्या नशिबाचा प्रश्न आहे.

"माझं घर गेलं," तू म्हणालीस. "या वस्तीत पयला स्लॅब माझा पडला. तो नेऊन तू म्हशीच्या जागी ठिवला. आता मला फोन करू नको."

असं तू याआधीही पुष्कळदा म्हणाली होतीस, आणि दुसऱ्या दिवशी तूच फोन करायचीस. यावेळी केला नाहीस. मीही केला नाही. रोज पाळी संपायच्या वेळी पुसेगावची गाडी फलाटावर लागायची, मीच ती माइकवरून पुकारायचो आणि सायकल काढून घरी जायचो. राग उतरू दे, उद्या जाऊ, असं करत अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी रविवार होता आणि संध्याकाळी तो भाग लागणार होता.

आमच्या घरी शेजारपाजारचे सगळे जमले होते. आधी मी गोठ्यात रडताना दिसलो, मग समू गायली. लोक टाळ्या वाजवत होते. फोनवर फोन येत होते. मी तुझ्या फोनची वाट बघत होतो. शिव्या द्यायला तरी करशील असं वाटत होतं. सकाळी फोन आला तो सुभद्राकाकूचा. "बाळू, आक्काबाईचा टीव्ही कालपास्नं चालू हाय. आवाज लई मोठा हाय. आन् दार काई उघडंना."

कडी तोडून आत गेलो. तू खुर्चीत बसलेली होतीस, तोंड टीव्हीकडं. रिमोट खाली पडला होता. पडद्यावर स्वयंपाकाच्या कुठल्याशा स्पर्धेत हरलेली बाई रडत होती आणि त्या आवाजानं घर दणाणत होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, काल संध्याकाळीच, फार त्रास झाला नसेल.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. आवाज मोठा होता. गोठा आधी लागला, गाणं नंतर. तुझ्या कायद्याप्रमाणे तू गोठ्याला आवाज बंद केला असशील आणि गाण्याला मोठा. म्हणजे समूचं गाणं तुझ्या कानावर पडलं. पण तुला आवाज कशाला लागतो? बंद करून तू मला बघितलंच असशील, आणि बघून तुला सगळं कळतं. की आवाज आधीपासूनच मोठा होता, आणि समू स्टेजवर यायच्या आधीच तू गेलीस? मी डॉक्टरला विचारलं, नेमके किती वाजता. तो म्हणाला, असं मिनिटात सांगता येत नाही. शोभाला विचारलं, ती म्हणाली, असा विचार करत जाऊ नका. तुझ्या डोळ्यांसमोर शेवटी समू होती की मी होतो, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. याची मला भर दिवसा भीती वाटते, डेपोत, दोनशे माणसांच्या गर्दीत.

त्याच सोमवारी, तुला न्यायच्या आधी, मी रिद्धीला फोन केला. समूला फोन द्या, तिची आत्या गेली, म्हणालो. हीच माझी चूक. शोभा थेट मुंबईला जाऊ शकली असती. पण मला वाटलं, त्यांचे नियम असतील, विचारून करावं. रिद्धीला खरंच वाईट वाटलं, मी तिला खोटी म्हणणार नाही. म्हणाली, वरच्यांना विचारून सांगते. बुधवारी तिचा फोन आला की काका, तिचा तयारीचा आठवडा आहे, आज काही बोलू नका, आम्ही नीट सांभाळून सांगू. मी हो म्हणालो आणि फोनवर समू आली.

पहिलाच प्रश्न, "आक्का चिडली का? ते गोठ्याचं बघून?"

"न्हाई. हसली."

"खरंच? आन् माझं गाणं? काय म्हणली?"

घरात माणसं बसली होती, पांढऱ्या कपड्यांतली, माझ्या तोंडाकडं बघत. मी म्हणालो, दुसऱ्या कडव्यात घाई करती म्हणली, श्वास पुरवून घे म्हणली. ते माझ्या तोंडात कुठून आलं, कुणास ठाऊक. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. समू म्हणाली, "बराबर हाय तिचं. मला पण तसंच वाटलं व्हतं." मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. पन्नास वर्षं तुझी बडबड कानांवर पडली, त्यातलंच काहीतरी वर आलं असेल. त्या बडबडीबद्दल तुझे उपकार मानतो, आक्का. पण पोरगी आठवडाभर माझी थाप तुझा शब्द समजून गात असेल, हे आठवलं की रात्री उठून बसतो.

शुक्रवारी रिद्धीनं तुझे फोटो मागितले आणि तू जयंतीला गायलीस तो व्हिडिओ मागितला. मला बरं वाटलं, म्हटलं आठवण ठेवतायत. लगेच पाठवला. रविवारी तुझं पुण्यानुमोदन झालं. सगळी वस्ती आली होती, तुझ्या शाळेची जुनी पोरं आली होती, त्यातली काही आता आजोबा झालीत. जो तो विचारायचा, समू कुठं आहे. मी म्हणायचो, तिला सुट्टी मिळाली नाही. वंदनेच्या वेळी मी डोळे मिटले तर मला तू नाही, रिद्धीच दिसत होती.

सोमवारी परत तिचा फोन. "काका, हार घातलेला फोटो असेल ना? मोठा?"

आहे म्हणालो.

"तो घेऊन बुधवारी या. आधी आम्ही तिला आत्याचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवू. ती खूश होईल. मग तुम्ही फोटो घेऊन स्टेजवर या."

मी विचारलं, आणि तिला सांगायचं कधी?

"तेव्हाच, काका."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. मला कळलं होतं, पण कळलंय हे कबूल करायचं नव्हतं. शोभाला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "तुमी जा. पर त्यायच्या आधी जा."

म्हणून मी आधी आलोय. त्यांनी माझ्यासाठी घेतलेल्या हॉटेलवर दुपारी मला न्यायला गाडी येणार आहे, पण मी तिथं गेलोच नाही. पोरांची बस साडेनऊला येते, असं टपरीवाल्यानं सांगितलं. करारावर मी सही केलीय ती न वाचता. त्यात काय लिहिलंय, माहीत नाही. कदाचित तिला काढून टाकतील. कदाचित गेटवरचा माणूस मला हुसकून लावेल. ही भीती आहेच.

पण इतकी पानं लिहून मी खरी भीती टाळलीय. समू मला विचारील, आक्काजवळ कोण होतं. विचारील, तुमचं शेवटचं बोलणं काय झालं. स्टेजवर हे प्रश्न आले नसते. तिथं बासरी वाजली असती, मला रडता आलं असतं, सगळे उभे राहिले असते, आणि तिनं मला मिठी मारली असती. काही न सांगता मी सुटलो असतो. सोमवारी हो म्हणताना, क्षणभर का होईना, मला ते सोपं वाटलं होतं, आक्का. तुझ्याशिवाय मी किती खाली जाऊ शकतो, ते बघून माझा मलाच धसका बसलाय.

बस वळली बहुतेक. वही ठेवतो.

पुढचं दुपारी लिहितोय.

समू चौथी उतरली. केस नव्या पद्धतीनं कापलेत, म्हणून आधी ओळखलीच नाही. तिनं मला बघितलं आणि तोंडभर हसली. हसत हसतच ती माझ्या मागं बघायला लागली. मग टपरीकडं. मग रस्त्याच्या पलीकडं. मी एवढ्या लांब एकटा येणार नाही, हे तिला माहीत आहे ना. तू मागं कुठं राहिलीस, ते ती शोधत होती. मग तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि तिचं हसू गेलं.

रिद्धी मागून उतरत होती. मला बघून तिनं कपाळाला हात लावला आणि वळून कुणाला तरी म्हणाली, कॅमेरा घे, पटकन. ते ऐकलं आणि मी थांबलो नाही. "समू, आक्का गेली," म्हणालो. "मागल्याच्या मागल्या रविवारी. धा दिवस झाले."

ती पडली नाही, ओरडली नाही. कॅमेरावाला पळत आला तेव्हा तिनं फक्त हात आडवा केला आणि रिद्धीला म्हणाली, "मॅडम, हे आमच्या घरचं हाय. बंद करा." रिद्धीनं थोडा वेळ आम्हा दोघांकडं बघितलं आणि त्याला मागं घेतलं. तेवढं तिनं केलं.

समू मला भिंतीच्या कडेला घेऊन गेली आणि तेच विचारलं.

"जवळ कोण व्हतं?"

"कोणीच न्हाई."

"तुमी शेवटचं कवा बोलले तिच्याशी?"

मी सांगितलं. फाटकात तू काय म्हणालीस ते, फोन करू नको म्हणालीस ते, रोज समोरून जाणारी पुसेगावची गाडी, अकरा दिवस. आवाज मोठा होता, तेही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. ती भिंतीकडं बघत ऐकत होती. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"मंग ते दुसऱ्या कडव्याचं?"

"ते मीच म्हणलो."

गेटातून तिला हाका येत होत्या. शेवटी तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि आत गेली. गायला गेली की सामान आणायला, सांगितलं नाही. मला जा म्हणाली नाही आणि थांबा पण म्हणाली नाही.

तीन वाजून गेलेत. आतून कुणी आलेलं नाही. गेटवरच्या माणसानं दोनदा विचारलं, काका, किती वेळ बसणार. रिद्धीचे चार फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. सकाळपेक्षा आता जास्त भीती वाटतेय, कारण सकाळी निदान सांगायचं काहीतरी बाकी होतं. ती बाहेर येऊन माझ्याकडं बघणार पण नाही, असंही होईल. तुझ्याकडं यायचं मी अकरा दिवस उद्यावर टाकलं, आक्का. इथं मी थांबलोय.